कोणतं बायबल घेऊ, ताई?

अगं, प्रश्न विचारलास आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवून दिलास. म्हणून आता सावकाश लिहिते. लातूरला गेल्यापासून तू रोज रात्री थोडं तरी वाचतेस हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मराठी पवित्र शास्त्र जड जातं, इंग्रजी कळतं पण आपलं वाटत नाही, असं तू म्हणालीस, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. आपल्या महिला मंडळातल्या कितीतरी बायका मनातल्या मनात हेच म्हणतात. बोलून दाखवत नाहीत एवढंच. वचन कळलं नाही म्हटलं तर विश्वासात कमी पडली असं कुणी समजेल, ही धास्ती असते.

तर ‘सगळ्यात चांगलं भाषांतर कोणतं’ हा प्रश्न आधी सोडून दे. त्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते चटकन तयार असतं त्यांच्यापासून जरा लांबच राहा. तू मला असं विचार, की ताई, मला काय करायचंय? पाठ करायचंय, उपासनेत सगळ्यांबरोबर मोठ्याने वाचायचंय, आजारी मैत्रिणीच्या उशाशी बसून एखादं स्तोत्र म्हणायचंय, की पौलाला नेमकं काय म्हणायचंय ते वही-पेन घेऊन उलगडायचंय? ही कामं वेगवेगळी आहेत गं. एका पुस्तकाने ती सगळी होतीलच असं नाही. माझं सांगणं इतकंच, की तुझ्याकडे दोन असू देत. एक तोंडात बसायला आणि एक समजून घ्यायला. आणि ती दोन एकाच जातीची नकोत.

तोंडात बसायला कोणतं, त्यात निवड करायची गरज नाही. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, जे आपल्या मंडळीत वाचलं जातं, जे आईच्या उशाशी असतं, तेच. त्याची भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, ‘ह्यास्तव’ आणि ‘तेणेकरून’ पावलोपावली भेटतात. पण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ज्या ओव्या तू पाठ केल्यास त्या त्याच शब्दांत तुझ्यात बसल्या आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येईल तेव्हा आठवतील त्या त्याच ओव्या. नवी, सोपी भाषा मिळाली म्हणून हे टाकून देऊ नकोस. माणूस घाबरला की पाठ असलेलंच कामाला येतं.

आता जड का जातं, ते ऐक. तुझी मराठी कच्ची आहे म्हणून नाही. ही भाषा आपल्याकडची नाहीच मुळी. मराठीत पहिल्यांदा भाषांतर करणारा मिशनरी विल्यम कॅरी कुठे होता? बंगालात, सेरामपूरला. त्याने वैजनाथ शर्मा या पंडितांना हाताशी धरून मराठी शिकून घेतली, १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं आणि १८११ मध्ये नवा करार. मराठीतलं हे पहिलं छापील भाषांतर. पण ते मुंबईकडच्या लोकांना नीट रुचेना, कळेना. मग मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार निघाला. म्हणजे बघ, पहिलं भाषांतर होऊन पंचवीस वर्षंही झाली नव्हती आणि लोक म्हणत होते, ही मराठी आमची नाही. पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या त्या मुंबई, पुणे, नगरकडच्या छापील मराठीच्या वळणाने. आणि आपण तेव्हा कुठे होतो? निजामाच्या राज्यात. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हाही हा मुलूख निजामाचाच, आणि १९४८ पर्यंत तसाच राहिला. आजोबांच्या पिढीला शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, घरात आपली मराठवाडी बोली, आणि रविवारी हातात पुण्या-मुंबईची ग्रांथिक मराठी. त्यांनी ती आपलीशी केली, हे त्यांचं मोठेपण. पण ती अडखळायला लावते हेही तितकंच खरं.

यावर सगळ्यात मोठं काम कुणी केलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्यांच्याबद्दल शाळेत आपण शिकलो ते शारदा सदन आणि विधवांचं शिक्षण इथपर्यंतच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी आख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, हे आपल्या चर्चमधल्या मुलींनाही ठाऊक नसतं. त्यासाठी त्या उतारवयात त्या भाषा शिकल्या. अठरा-एक वर्षं ते काम चाललं, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोवर. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवले, मुक्तीच्याच छापखान्यात ते छापलं गेलं आणि १९२४ मध्ये पुरं बायबल बाहेर पडलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रमाबाई संस्कृतच्या केवढ्या विदुषी! कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलेलं. आणि त्याच बाईंना वाटलं, की चालू भाषांतरात संस्कृत फार झालंय, साध्या बायकांना ते कळत नाही. ज्यांना संस्कृत येतच नाही त्यांनी हे म्हणणं वेगळं. ज्यांचं बालपण संस्कृत पाठांतरात गेलं त्यांनी म्हणणं वेगळं. दुष्काळातून उचलून आणलेल्या, नुकतंच अक्षर गिरवू लागलेल्या पोरी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्या पोरींना देवाचं वचन कळावं एवढ्यासाठी त्या बाईंनी आयुष्याची अखेर वाहून टाकली. तेव्हा ‘मला कळत नाही’ असं म्हणताना पुन्हा कधी मान खाली घालू नकोस.

आपल्या काळातलं नाव म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे. तुळजापूरजवळचं धाराशिव तुला माहीत आहे. तिथे जानेवारी २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांचं ‘सुबोध बायबल’ राजहंस प्रकाशनाने काढलं. चर्चच्या भिंतींच्या आत वाढलेल्या मराठीपेक्षा ते वेगळं आहे. ज्याने कधी उपासनेला पाय ठेवला नाही अशा मराठी वाचकालाही हातात घ्यावंसं वाटेल, असं. तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने विचारलं, की तुमच्या बायबलात आहे तरी काय, तर मी तिला हे देईन.

मग तुझ्या दुसऱ्या पुस्तकासाठी, म्हणजे समजून घ्यायला, कोणतं? बायबल सोसायटीनेच सोप्या, रोजच्या मराठीत केलेलं भाषांतर आहे. बिब्लिकाची ‘मराठी समकालीन आवृत्ती’ आहे. ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’ आहे, ती फोनवर फुकट मिळते आणि आपल्या जुन्या पवित्र शास्त्राच्या बरीच जवळची आहे, म्हणून ताडून पाहायला मला ती तुझ्यासाठी पुरेशी वेगळी वाटत नाही. तू पहिल्या दोनांपैकी एक घे. आधी फोनवर दोन्ही उघड आणि तुला नीट पाठ असलेला एखादा अध्याय दोन्हींत वाच. जिथे तू थांबून ‘अरे, असं होय!’ म्हणशील, ते घे. छापील प्रत हवी असेल तर पाळकसाहेबांना सांग, चर्चच्या ऑफिसातून मागवता येते. नाहीतर मोठ्या सभांच्या वेळी मंडपाबाहेर पुस्तकांचं टेबल लागतंच. तिथे उभी राहून शांतपणे चाळून बघ. विकत घ्यायची घाई नको.

इंग्रजीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुझं शिक्षण इंग्रजीत झालं, एनआयव्ही तुला सोपं जातं, ते सोडू नकोस. पण ते तिसरं राहू दे. तू प्रार्थना मराठीत करतेस, रडतेस मराठीत, आईशी भांडतेस मराठीत. वचन तेवढं इंग्रजीत कळून भागायचं नाही.

आता ताडून कसं पाहायचं, ते सांगते. ‘तुलना’ म्हटलं की मुली लगेच योहानाच्या पहिल्या अध्यायाला हात घालतात आणि दमतात. तू रूथपासून सुरू कर. चारच अध्याय. दुष्काळ, परमुलूख, विधवा सासू, विधवा सून आणि दुसऱ्याच्या शेतात वेचून खाणं. मराठवाड्यातल्या मुलीला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पहिल्यांदा आपल्या जुन्या पवित्र शास्त्रात चारही अध्याय एका बैठकीत वाच. पेन्सिल हातात घेऊ नकोस, गोष्ट होऊ दे. दुसऱ्या दिवशी सोप्या मराठीत तीच गोष्ट वाच. मग तिसऱ्या दिवशी लाँगबुक काढ, पानाचे उभे भाग कर आणि फक्त दुसरा अध्याय घे.

त्यात रूथ बवाजाच्या शेतात जाते. ज्वारी काढल्यावर रानात राहिलेली कणसं वेचायला आपल्याकडे बायका जातात, त्याला सरवा म्हणतात. रूथही सरवाच वेचते, जवाचा. संध्याकाळी ती वेचलेलं झोडते आणि त्याचं माप सांगितलंय. सतराव्या ओवीत थांब. एखाद्या भाषांतरात तुला ‘एफा’ दिसेल, दुसऱ्यात किलो किंवा आणखी काही. ‘एफा’ वाचून आपण पुढे सरकतो, कारण ती किती पायल्या ते कुणाला माहीत? एक एफा म्हणजे साधारण २२ लिटरचं माप. जव भरले तर १३ किलोच्या आसपास. एका बाईने एका दिवसात सरव्यातून तेरा किलो! शेतात कधी वेचायला गेलेल्या कुठल्याही बाईला विचार, ती म्हणेल, असं होत नाही. मग झालं कसं? एक ओवी मागे जा. बवाजाने गड्यांना सांगून ठेवलंय, की पेंढ्यांतून तिच्यासाठी मुद्दाम काही ओढून टाका आणि तिला बोलू नका. तिला कळू न देता, तिचा मान राखून तो देतो. आणि घरी आल्यावर सासू ते धान्य बघूनच विचारते, की आज तू वेचलंस तरी कुणाच्या शेतात. त्या मापाचा पत्ता नसेल तर बवाजाचं मन आपल्याला दिसतच नाही, आणि सासूचा प्रश्नही नुसता चौकशीचा वाटतो. जुन्या भाषांतराने मूळ माप राखलं, नव्याने ते आपल्या मापात आणलं. दोघांचंही बरोबर आहे. पण ती दोन शेजारी ठेवल्याशिवाय तू तिथे थांबली नसतीस.

तेवढ्यावर सोडू नकोस. समासात किंवा खाली बारीक अक्षरात संदर्भ असतील, ते उघड. लेवीय १९ मधल्या नवव्या-दहाव्या ओव्यांकडे जाशील. शेताच्या कडा कापून घेऊ नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं, असा तिथे कायदा आहे. म्हणजे सरवा वेचणं हा रूथचा हक्क होता, आणि बवाजाने त्या हक्कावर आणखी भर घातली. एवढं सगळं एका अध्यायात मिळालं, ग्रीक-हिब्रूचं एक अक्षर न येता.

दुसरी एक जागा सांगते, ती मला स्वतःला फार आवडते. मार्क चौथा अध्याय, शेवटचा भाग. वादळ सुटलंय, मचव्यात पाणी शिरतंय, येशू झोपलाय आणि शिष्य त्याला उठवतात. ते काय म्हणतात? की आम्ही बुडतोय, की आपण बुडतोय? तुझ्या एनआयव्हीत याचा पत्ता लागणार नाही, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. हिंदीत ‘हम’. ग्रीकमध्येही एकच. पण मराठी भाषांतरकाराला तिथे पळवाट नाही. ‘आम्ही’ लिहिलं तर शिष्यांनी येशूला त्या बुडण्यातून वगळलं, ‘आपण’ लिहिलं तर त्यालाही धरलं. आणि ‘आपण’ हे मानाने ‘तुम्ही’च्या जागीही येतं, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. भाषांतरकाराने रात्र रात्र विचार करून एक काहीतरी ठरवलेलं असतं. तू तुझ्याकडची सगळी मराठी भाषांतरं त्या एका ओवीसाठी उघडून बघ. मग विचार, की मी त्या मचव्यात असते तर काय ओरडले असते?

आणि इथे आपल्या भागात राहण्याचा एक फायदा आहे, जो पुण्यातल्या मुलीला मिळत नाही. आपल्या नांदेडच्या मंडळीत देगलूर-बिलोलीकडच्या काकू तेलुगू बायबल घेऊन बसतात. लातूरला तुला उदगीर-निलंग्याकडची कानडी वाचणारी माणसं भेटतील. तेलुगूतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. कानडीत बहुतेक एकावरच भागतं. उपासना संपल्यावर काकूंना म्हण, काकू, तुमच्यात ही ओवी कशी आहे, जरा वाचून दाखवा ना. त्या आधी संकोचतील, मग चष्मा लावतील आणि मग तुला अर्धा तास सोडणार नाहीत. मराठी मंडळीत या बायका बऱ्याचदा मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांच्या हातातलं पुस्तक आपल्या उपयोगाचं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तू सांग.

पत्रांमध्ये शिरशील तेव्हा आणखी एक दिसेल. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय, तिसऱ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत, ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. बारा ओव्यांचं एक वाक्य! पौल स्तुती करायला लागला की श्वास घेत नाही. तुझ्या दोन्ही भाषांतरांत तिथे पूर्णविराम किती आले ते मोज. जास्त पूर्णविराम तिथे समजायला सोपं, पण पौलाचा तो ओघ तुटलेला. कमी पूर्णविराम तिथे दम लागतो, पण मोठ्याने वाचलं तर अंगावर काटा येतो. म्हणून म्हटलं, दोन लागतात.

आता जी गोष्ट तुला एके दिवशी घाबरवणार आहे, ती मीच आधी सांगून ठेवते. एनआयव्हीत मत्तय १७ काढ. विसाव्या ओवीनंतर थेट बाविसावी येईल. एकविसावी कुठे गेली? आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी हा मेसेज फिरवतं, की बघा, नव्या बायबलातून वचनं काढून टाकली, हे सैतानाचं काम. अगं, तसं नाही. मूळ हस्तलिखित कुणाकडेच नाही, आहेत त्या हाताने केलेल्या नकला. कॅरीच्या काळी भाषांतर व्हायचं ते तेव्हा छापलेल्या ग्रीक नव्या करारावरून, आणि तो मागाहूनच्या नकलांवर उभा होता. एकोणिसाव्या शतकात खूप जुन्या नकला अभ्यासकांच्या हाती आल्या. सिनाय डोंगराजवळच्या मठातली एक तर चौथ्या शतकातली. त्या जुन्या नकलांत काही ओव्या नाहीत. मग प्रामाणिक भाषांतरकार काय करणार? कुणी ती ओवी कंसात ठेवतो, कुणी खाली टीप देतो. लपवत कुणीच नाही. मत्तय १७:२१ मध्ये प्रार्थना आणि उपासाची गोष्ट आहे. प्रार्थनेचं तेच म्हणणं मार्क ९:२९ मध्ये जिथल्या तिथे आहे. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहान आठव्या अध्यायातली त्या धरून आणलेल्या बाईची गोष्ट, इथेही तुला कंस किंवा टीप दिसेल. ती गोष्ट मला किती प्रिय आहे हे तुला माहीत आहे. कंस पाहून ती माझ्यासाठी कमी झाली नाही. उलट ज्यांनी कंस घातला त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला, कारण जिथे शंका आहे तिथे ते ती उघड सांगतात. टीप नसलेलं भाषांतर मी अभ्यासाला घेणार नाही.

तुझ्या रूममधली मैत्रीण कॅथलिक आहे ना? तिच्या बायबलात तोबीत, मक्काबी अशी नावं दिसतील. तिच्यात ७३ पुस्तकं, आपल्यात ६६. नवा करार दोघींचा सारखाच, सत्तावीस पुस्तकांचा. फरक जुन्या करारात. तो फार जुना विषय आहे, हॉस्टेलच्या खोलीत सोडवायला जाऊ नका. तुम्ही दोघी मिळून मार्क वाचा.

वाद करू नकोस म्हणाले खरी, पण एका ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेव. कुणी दारावर येऊन किंवा बसस्टँडवर बायबल हातात दिलं तर आधी छापणाऱ्याचं पान बघ. यहोवाच्या साक्षीदारांचं स्वतःचं ‘नवे जग भाषांतर’ आहे, मराठीतही आहे. त्यात योहानाची पहिलीच ओवी सगळ्या मंडळ्यांच्या भाषांतरांपेक्षा वेगळी आहे, आणि तो फरक त्यांच्या शिकवणुकीतून आलाय. माणसं नम्र असतात, त्यांच्याशी नम्रच राहा, चहा विचार. पण हातातलं पुस्तक कुणाचं आहे हे माहीत असू दे. आणि हा नियम सगळ्यांनाच लाव, आपल्यालाही.

तसंच मथळे. ‘उधळ्या पुत्राचा दृष्टांत’ हे लूकाने लिहिलेलं नाही, छापणाऱ्यांनी वर घातलंय. मथळा वाचला की आपलं सगळं लक्ष धाकट्यावर जातं, आणि बाहेर रुसून उभा राहिलेला थोरला राहूनच जातो. दुसऱ्या भाषांतरात मथळा वेगळा असेल तर बघ. अध्याय नि ओव्यांचे आकडेसुद्धा शेकडो वर्षांनी पाडलेले, नव्या करारातल्या ओव्यांचे तर १५५१ मधले. म्हणून एकेक ओवी तोडून वाचायची सवय नको. आणि ते जाडजूड स्टडी बायबल, ज्यात पानाचा खालचा अर्धा भाग टिपांनी भरलेला असतो, ते सध्या नकोच. टिपा लिहिणारा शहाणा असतो, पण रेघेच्या खालचं त्याचं असतं. तू आधी रेघेच्या वरचं वाच, वहीत तुझा प्रश्न लिही, मग खाली बघ. उलट केलंस तर तुला कधी प्रश्नच पडणार नाहीत.

फोनबद्दल एवढंच. दोन भाषांतरं शेजारी उघडायला फोनसारखं सोयीचं काही नाही, हे खरं. पण वाचायला पुस्तकच घे. फोनवर रूथ वाचता वाचता रील कधी सुरू होते ते कळत नाही. तुझ्या वयाच्या सगळ्यांचं तेच होतंय. ताडायचं असेल तेव्हा फोन, एरवी तो टेबलावर पालथा. समासात पेन्सिलने तारीख घालत जा. आईच्या पवित्र शास्त्रात बघितलंस ना, ‘भूकंप’ असं ९१ व्या स्तोत्राशेजारी लिहिलंय. किल्लारीच्या त्या पहाटेनंतर तिने ते वाचलं होतं. फोनमध्ये असलं काही राहत नाही.

आईवरून आठवलं. तिचे डोळे आता साथ देत नाहीत. बारीक अक्षर तिला दिसत नाही आणि ती सांगत नाही. पान उघडून नुसती बसते. मराठीत ध्वनिमुद्रित बायबल फोनवर फुकट आहे. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा तिच्या फोनवर घालून दे आणि कुठलं बटण दाबायचं ते शांतपणे, न चिडता दाखव. मात्र जुनंच भाषांतर लाव. सोपं लावलंस तर ती म्हणेल, हे काय माय, हे आपलं नाही. तिला पुढची ओवी आधीच ओठांवर आलेली हवी असते. ऐकता ऐकता ती पुढचं म्हणायला लागेल, तेव्हा तू सोपं मराठी उघडून शेजारी बस. तुला काही अडलं तर तिला विचार. रमाबाईंचं नावही तिच्या तोंडून ऐक, तिच्या आईने तिला काय काय सांगितलंय ते.

या आठवड्यात रूथ पुरं कर. तिसऱ्या अध्यायात खळ्यावरचा प्रसंग आहे, तो भाषांतरांनी कसा कसा सांगितलाय ते बघ आणि मला विचारायला लाजू नकोस. रविवारी उपासनेनंतर फोन कर. वही जवळ ठेव, मी माझी घेऊन बसते. रूथ झालं की मार्क धरू, रोज अर्धा अध्याय. परीक्षा आली की ताडणं बंद, नुसतं एक स्तोत्र वाचून झोप. आणि मेसमध्ये पोळ्या कच्च्या असतात म्हणालीस, तर येत्या बसने मी धपाट्यांचा डबा पाठवते, त्यात मैत्रिणीचाही वाटा आहे.